ईएएल टीचरचं टाइमटेबल मागून बघा

एखादी इंटरनॅशनल शाळा इंग्रजी न येणाऱ्या मुलांना खरंच कसं शिकवते हे जाणून घ्यायचं असेल तर माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि ईएएल टीचरचं आठवड्याचं टाइमटेबल मागा. ईएएल म्हणजे ज्यांच्या घरची भाषा वेगळी आहे आणि ज्यांना इंग्रजी जास्तीची भाषा म्हणून शिकायची आहे अशा मुलांसाठीचा सपोर्ट. त्या टाइमटेबलमध्ये सायन्सच्या, हिस्ट्रीच्या, मॅथ्सच्या टीचरबरोबर बसून प्लॅनिंग करायचा तास छापलेला आहे का, एवढंच बघा. असेल तर त्या शाळेत काहीतरी खरं काम चाललंय. नसेल तर बाकीचं सगळं, म्हणजे वेगवेगळ्या भाषांतले स्वागताचे बोर्ड, देशोदेशीचे झेंडे, वर्षातून एकदा होणारा मातृभाषा दिन, हे सगळं मनापासून केलेलं असतं पण ते मुलाच्या शिकण्यापर्यंत पोचत नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, शाळेने इंग्रजी न येणाऱ्या मुलाला ॲडमिशन दिली त्या दिवशीच त्याच्या इंग्रजीची जबाबदारी अख्ख्या शाळेने घेतली, एकट्या ईएएल टीचरने नाही, आणि ही जबाबदारी टाइमटेबलमध्ये दिसली पाहिजे.

आता ही मुलं कोण? १९२४ मध्ये जिनिव्हात इंटरनॅशनल स्कूल सुरू झालं ते राष्ट्रसंघाच्या आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या लोकांच्या मुलांसाठी. पुढे कितीतरी वर्षं इंटरनॅशनल शाळा म्हटलं की डॉक्टर-डिप्लोमॅट, कंपनीच्या बदलीवर आलेले मॅनेजर अशांचीच मुलं डोळ्यासमोर यायची, आणि इंग्रजी घरीच बोलणारी मुलं बऱ्याच वर्गांत मुख्य असायची. आज चित्र उलटं झालंय. जगभरात या शाळांमधली बहुतेक मुलं त्याच देशातल्या स्थानिक कुटुंबांतली आहेत, आणि बदलीवर येणाऱ्यांमध्येही कोरियन, जपानी, अरबी, स्पॅनिश, रशियन घरी बोलणारे भरपूर आहेत. म्हणजे कितीतरी शाळांत ईएएलची मुलं हाच वर्गाचा मोठा भाग आहे, आणि तरीही शाळेची रचना मात्र अशी की जणू ही मुलं अपवाद आहेत, त्यांना कॉरिडॉरच्या टोकाच्या एका खोलीत दुरुस्त करून परत पाठवायचं. तीस जणांच्या वर्गात वीस जणांची घरची भाषा वेगळी असेल तर तो वर्गच ईएएलचा वर्ग आहे हे मान्य करायला इतका वेळ का लागतो हे मला खरंच कळत नाही.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो बोलण्यावरून अंदाज बांधण्यात. मूल सहा महिन्यांत ग्राउंडवर मस्त इंग्रजी बोलायला लागतं, जोक्स करतं, टीचरला घरच्या गोष्टी सांगतं, ॲक्सेंटही शाळेतल्या बाकीच्यांसारखा होतो, आणि सगळे म्हणतात, झालं याचं, आता सपोर्ट काढा. जिम कमिन्स नावाच्या कॅनडातल्या संशोधकाने १९७९ मध्येच या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या होत्या, रोजच्या संवादाची भाषा आणि अभ्यासाची भाषा. रोजची भाषा साधारण दोन वर्षांत येते. अभ्यासाच्या भाषेत वर्गातल्या इंग्रजी घरच्या मुलांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात, हे त्यांनी १९८१ मध्ये टोरांटोमधल्या स्थलांतरित मुलांच्या आकडेवारीवरून मांडलं. कारण सोपं आहे. समोरासमोर बोलताना चेहरा असतो, हातवारे असतात, समोरची वस्तू असते, नाही कळलं तर परत विचारता येतं. पुस्तकातल्या परिच्छेदात यातलं काहीच नसतं. आणि बरोबरीला यायचं म्हणजे थांबलेल्या कुणाला गाठायचं नसतं, बाकीची मुलंही दरवर्षी पुढे जात असतात, त्यामुळे ईएएलच्या मुलाला दरवर्षी एका वर्षापेक्षा जास्त प्रगती करावी लागते आणि हे आपण त्याच्याकडून न बोलता अपेक्षित धरतो.

मग होतं काय, की पाचवीत सपोर्ट काढलेलं मूल आठवी-नववीत अडकायला लागतं. तिथे हिस्ट्रीच्या पेपरात प्रश्न येतो की अमुक कारण कितपत जबाबदार होतं, आणि मुलाला त्या काळाची माहिती सगळी असते पण 'कितपत'चं उत्तर लिहायचं म्हणजे आधी एक बाजू मान्य करायची, मग तिला मर्यादा घालायची, मग दुसरी बाजू तोलायची, त्यासाठी ऑल्दो, व्हेअरॲज, टू सम एक्स्टेंट असल्या शब्दांची वाक्यं लागतात, ती त्याला कुणी शिकवलेलीच नसतात. तो माहिती ओतून मोकळा होतो आणि टीचर शेरा लिहितात की विश्लेषण कमी आहे. सायन्सच्या रिपोर्टमध्ये कर्मणी प्रयोग, क्रियापदांची नामं करून लिहिलेली लांब वाक्यं. मॅथ्समध्ये तर लोकांना वाटतं की आकडेच आहेत, भाषेचा प्रश्न नाही, पण शाब्दिक उदाहरणात सगळी मेख लहान लहान शब्दांत असते, दहाने वाढलं आणि दहापर्यंत वाढलं यात इंग्रजीत फक्त बाय आणि टू चा फरक, आणि तेवढ्यावर पूर्ण उत्तर चुकतं. हे असं अडकलेलं मूल आळशी वाटतं, किंवा हुशार नाही वाटतं. त्याचं इंग्रजी बोलणं इतकं सफाईदार असतं की भाषेचा संशयच कुणाला येत नाही.

म्हणून सपोर्ट कधी थांबवायचा याचा निर्णय कानावर सोडायचाच नाही. भाषेची पातळी मोजायच्या चांगल्या चौकटी उपलब्ध आहेत. विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीतल्या विडा या संस्थेच्या सहा पातळ्या आहेत, इंग्लंडमधल्या बेल फाउंडेशनच्या ए ते ई अशा पाच बँड्स आहेत, आणि दोन्हींत ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं हे चारही वेगवेगळं बघतात. चार आकडे वेगळे ठेवायचे, त्यांची सरासरी काढायची नाही, कारण बोलण्याचे मार्क लिहिण्याची उणीव झाकून टाकतात. आणि सपोर्ट थांबवल्यावरही निदान दोन वर्षं त्या मुलाकडे लक्ष ठेवायचं. यात अजून एक गोष्ट, इंटरनॅशनल शाळांतली बरीच मुलं दोन-तीन वर्षांत दुसऱ्या देशात जातात, म्हणजे पाच-सात वर्षांचा प्रवास एका शाळेत पूर्ण होतच नाही. पुढच्या शाळेला ट्रान्स्फर सर्टिफिकेटबरोबर भाषेची नीट नोंद आणि मुलाच्या लिखाणाचे नमुने पाठवले तर तिथे पुन्हा शून्यापासून सुरुवात होणार नाही. एवढी साधी गोष्ट, पण फार कमी शाळा करतात.

आता मूळ वादाकडे. मुलाला वर्गाबाहेर काढून शिकवायचं का टीचरने वर्गात जायचं, ज्याला सगळे पुल-आउट आणि पुश-इन म्हणतात. हा वाद जुना आहे. इंग्लंडमध्ये कॅल्डरडेल भागात, मुख्यतः आशियाई घरांतल्या मुलांना नेहमीच्या शाळेऐवजी वेगळ्या भाषा केंद्रांत पाठवायचे, आणि १९८६ मध्ये कमिशन फॉर रेशियल इक्वॅलिटी या वांशिक समानतेसाठीच्या आयोगाने चौकशी करून ही पद्धत भेदभावाची आहे असं ठरवलं, कारण मुलं पूर्ण अभ्यासक्रमाला मुकत होती. त्यानंतर तिकडे मुलं मुख्य वर्गात आली. पण नुसतं मुख्य वर्गात बसवणं हेही उत्तर नव्हतं, आणि ते त्याच्या बारा वर्षं आधी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्ये लाऊ विरुद्ध निकल्स खटल्यात सांगितलंच होतं. सॅन फ्रान्सिस्कोतली चिनी घरांतली मुलं, ज्यांना इंग्रजी कळत नव्हतं, त्यांना बाकीच्यांसारखीच पुस्तकं, तेच शिक्षक, तोच अभ्यासक्रम देऊन शाळांनी हात झटकले होते. कोर्ट म्हणालं की ही समान वागणूक होत नाही, ज्याला भाषाच कळत नाही त्याचं शिक्षणाचं दार बंदच राहतं. हे दोन्ही निर्णय खाजगी इंटरनॅशनल शाळांना कायद्याने लागू नाहीत, पण त्यामागचा विचार लागू न होण्याचं मला एकही कारण दिसत नाही. वेगळं काढणं चूक आणि तसंच सोडून देणंही चूक.

मग मधला रस्ता म्हणून बहुतेक शाळा पुश-इन करतात, आणि ते होतं कसं? ईएएल टीचर वर्गात येतात तेव्हा आज काय शिकवणार आहेत हेच त्यांना माहीत नसतं. त्या मागच्या बाकावर मुलाशेजारी बसतात आणि मेन टीचर बोलतात ते हळू आवाजात सोपं करून सांगतात. मुलाला एकाच वेळी दोन आवाज ऐकायला येतात. बाकीच्या मुलांना कळतं की याला काही येत नाही. मूल काही दिवसांत शिकतं की आपण विचार करायची गरज नाही, शेजारच्या मॅडम सांगतील. ईएएल टीचर स्वतः अनुभवी, शिकलेल्या, दोन-तीन भाषा येणाऱ्या असतात आणि त्यांना दिवसभर कुजबुजायला लावलेलं असतं. त्यात कुणी टीचर गैरहजर असले की कव्हरला पहिला नंबर यांचा, कारण यांचा स्वतःचा वर्ग नाही ना, यांना काढता येतं. हे मी इतक्या ठिकाणी आणि इतक्या जणांकडून ऐकलंय की आता मला हा अपघात वाटत नाही, टाइमटेबल बनवताना ईएएलला सगळ्यात शेवटी भरतात त्याचा हा सरळ परिणाम आहे.

याउलट आठवड्यातली फक्त चाळीस मिनिटं दोघांना एकत्र दिली तर काय होतं बघा. सायन्सच्या मॅडम म्हणतात, पुढच्या युनिटमध्ये बाष्पीभवन आणि संघनन आहे, शेवटी मुलांनी प्रयोगाचा निष्कर्ष लिहायचाय. ईएएलच्या मॅडम विचारतात, तो निष्कर्ष तुम्हाला नेमका कसा हवाय, तुम्हीच लिहून दाखवा. मग लक्षात येतं की त्यात कार्यकारणाची तीन वाक्यं आहेत, एक तुलनेचं आहे, आणि एक असं आहे ज्यात आकड्यांवरून सावधपणे अंदाज बांधायचाय. हे वर्गाला आजपर्यंत कुणीच उघड करून सांगितलेलं नसतं, मार्क देताना मात्र तेच तपासलेलं असतं. आता दोघी मिळून ठरवतात की पहिल्या दोन तासांत मुलं प्रयोग करताना आपापसांत बोलतील, हे बघ पाणी गेलं, हे गरम झालं, असं. मग तेच दुसऱ्या गटाला सांगतील ज्यांनी प्रयोग पाहिला नाही, तेव्हा 'हे' आणि 'ते' म्हणून चालत नाही, नावं घ्यावी लागतात. मग लिहितील. बोलण्यातून लिखाणाकडे असं पायरीपायरीने नेणं हे ईएएलच्या कामाचं मूळ आहे, आणि तिसऱ्या दिवशी निष्कर्ष कसा लिहायचा हा तास अख्ख्या वर्गाला ईएएलच्या मॅडमच घेतात, सायन्सच्या मॅडम फिरून बघतात. यात नवीन आलेल्या मुलाला अर्धं वाक्य तयार मिळतं जे त्याने पूर्ण करायचं, पुढे गेलेल्याला नुसते जोडशब्द मिळतात, आणि जी मुलं घरी इंग्रजीच बोलतात त्यांचंही लिखाण सुधारतं, कारण अभ्यासाची भाषा घरी कुणीच बोलत नाही, ती प्रत्येकालाच शाळेत शिकावी लागते.

सबजेक्ट टीचर यावर म्हणतात की आमचा पोर्शन पूर्ण होत नाही, आणि मी फिजिक्स शिकवायला आलोय, इंग्रजी शिकवायला नाही. यातलं पहिलं म्हणणं मी अगदी गंभीरपणे घेते. त्यांच्यावर बोर्डाच्या परीक्षेचं ओझं खरं आहे आणि त्यांना ट्रेनिंगमध्ये भाषेबद्दल सहसा काहीच शिकवलेलं नसतं, त्यामुळे एक दिवसाचं वर्कशॉप घेऊन आता तुम्ही सगळे भाषेचेही शिक्षक आहात असं जाहीर करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. म्हणूनच तर प्लॅनिंगचा तास लागतो, आणि तो त्यांच्या कामाच्या तासांतून वळता व्हायला हवा, शाळा सुटल्यावर चहा पिता पिता करून टाका असं नाही. दुसरं म्हणणं मात्र मला पटत नाही. फिजिक्स हे वाक्यांतूनच समजतं, व्याख्या वाक्य असते, नियम वाक्य असतो, परीक्षेत दिलेलं स्पष्टीकरण वाक्यच असतं. फिजिक्सची भाषा इंग्रजीचा टीचर शिकवू शकत नाही, ती फिजिक्सच्या टीचरलाच येते.

अगदी नवीन मुलांबद्दल मात्र मी कट्टर नाहीये. तेरा-चौदा वर्षांचं मूल एकही वाक्य येत नसताना आठवीत आलं तर त्याला रोज थोडा वेळ वेगळं शिकवलंच पाहिजे, छोट्या गटात, चुकायला न घाबरता. व्हर्जिनिया कॉलियर या संशोधिकेने १९८७ मध्ये अमेरिकेत इंग्रजी न येता वेगवेगळ्या वयात आलेल्या मुलांचा अभ्यास केला, आणि ती मुलं बऱ्या परिस्थितीतल्या, शिकलेल्या घरांतली होती, म्हणजे इंटरनॅशनल शाळांतल्या मुलांसारखीच. त्यात बारा ते पंधरा या वयात आलेल्यांना सगळ्यात जड गेलं, कारण अभ्यास अवघड होत जातो आणि वेळ उरत नाही. या वेगळ्या वर्गाला दोन अटी मात्र हव्यात. त्याची संपायची तारीख पहिल्याच दिवशी ठरलेली असावी, आणि तिथे शिकवायचं ते पुढच्या आठवड्यात मुख्य वर्गात येणाऱ्या धड्यातलंच असावं. रंगांची आणि फळांची नावं चौदा वर्षांच्या मुलाला शिकवत बसणं हा त्याचा अपमान आहे, त्याला अपूर्णांक येतात, भूगोल येतो, फक्त या भाषेत येत नाही. आणि नवीन मूल पहिले काही महिने गप्प राहिलं तर घाबरून त्याला बोलतं करायची घाई करू नये, ऐकून साठवण्याचा तो काळ असतो.

कॉलियर यांच्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट पालकांनी आवर्जून ऐकावी अशी आहे. सगळ्यात लवकर बरोबरीला आली ती आठ ते अकराव्या वर्षी आलेली मुलं. पाच ते सात वर्षांची मुलं त्यांच्यापेक्षा मागे राहिली. लहान तितकं सोपं या समजुतीच्या हे बरोब्बर उलटं आहे, आणि त्याचं कारण असं दिसतं की मोठ्या मुलांची आपल्या भाषेतली काही वर्षं शाळा झालेली होती, त्यांना वाचणं म्हणजे काय, मुद्दा म्हणजे काय हे एकदा कळलेलं होतं. जे एका भाषेत कळलं ते दुसऱ्या भाषेत परत पहिल्यापासून कळावं लागत नाही. कमिन्स हेच सांगत आले. त्यामुळे घरी इंग्रजीच बोला असा सल्ला शाळा पालकांना देतात तेव्हा त्या नकळत मुलाचा पायाच काढून घेत असतात. आईवडिलांना जी भाषा पूर्ण येते, जिच्यात ते चिडू शकतात, समजावू शकतात, एखादी अवघड गोष्ट उलगडून सांगू शकतात, ती सोडून त्यांनी मोडक्या इंग्रजीत मुलाशी चार वाक्यं बोलायची, यातून इंग्रजी तर येत नाहीच, बोलणंच कमी होतं. लिली वाँग फिल्मोर या संशोधिकेने १९९१ मध्ये अमेरिकेतल्या स्थलांतरित कुटुंबांबद्दल हेच दाखवलं की फार लहानपणी इंग्रजीच्या वर्गात गेलेल्या मुलांची घरची भाषा सुटते आणि मग आईबाप आणि मुलं यांना एकमेकांशी नीट बोलायला सामायिक भाषाच उरत नाही.

आणि शाळेच्या आवारात फक्त इंग्रजी, हा नियम तर मला अजिबात सहन होत नाही. त्याचं समर्थन म्हणून नेहमी सांगतात की एकाच भाषेची मुलं घोळका करून बसतात आणि बाकीच्यांना एकटं पाडतात. एकटं पाडणं हा वागण्याचा प्रश्न आहे, तो वागण्याचा प्रश्न म्हणूनच सोडवावा, इंग्रजीत बोलूनही मुलं एकमेकांना छान एकटं पाडतात. वर्गात तर घरची भाषा हे हत्यार आहे. वेल्समधल्या शाळांत एका भाषेत वाचायचं आणि दुसऱ्या भाषेत त्यावर बोलायचं किंवा लिहायचं अशी पद्धत मुद्दाम वापरली गेली, आज जगभर ज्याला ट्रान्सलँग्वेजिंग म्हणतात त्या विचाराची सुरुवात तिथली. नवीन आलेल्या मुलीला निबंधाचा पहिला खर्डा तिच्या भाषेत लिहू द्या, मग तुम्हाला दिसेल की ती विचार किती करते. टीचरला ती भाषा येत नाही हा अडथळा वाटतो तितका मोठा नाही, पानभर लिहिलं का दोन ओळी, खोडलं का, पुन्हा मांडलं का, हे भाषा न येताही दिसतं, आणि मग तिला विचारता येतं की यातलं मुख्य काय ते मला सांग. आयबी डिप्लोमामध्ये, म्हणजे बऱ्याच इंटरनॅशनल शाळांत असणाऱ्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमात, ज्या भाषेचा शिक्षक शाळेत नाही ती स्वतःची भाषाही मूल शाळेच्या मदतीने स्वयंअध्ययन करून साहित्याचा विषय म्हणून घेऊ शकतं. ही सोय पालकांना अकरावीत कळते, तोवर मुलाचं त्या भाषेतलं वाचन तिसरीतच थांबलेलं असतं. ती ॲडमिशनच्या वेळी सांगायची गोष्ट आहे.

अजून एक धोका, ज्यावर थोडक्यात लिहिते. ईएएलच्या मुलाला लर्निंग सपोर्टच्या, म्हणजे शिकण्यातच अडचण असलेल्या मुलांच्या यादीत टाकणं, किंवा उलट, खरोखर डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाची अडचण, असलेल्या मुलाचं सगळं इंग्रजीवर ढकलून वर्षं घालवणं, दोन्ही होतं. कॅट फोरसारख्या विचारक्षमता तपासणाऱ्या चाचणीत शब्दांचा भाग आणि आकृत्यांचा भाग वेगळे असतात, त्यांत मोठी दरी दिसली तर आधी भाषेचा विचार करा. आणि घरच्या भाषेत वाचायला-बोलायला अडचण होती का हे पालकांना दुभाष्या घेऊन नीट विचारा. अडचण दोन्ही भाषांत असेल तर ती इंग्रजीची नाही.

शेवटी पैशाबद्दल, कारण त्याबद्दल उघड फार कमी बोललं जातं. बऱ्याच शाळा ईएएलची फी वेगळी लावतात. मला हे चूक वाटतं, आणि फक्त तत्त्व म्हणून नाही. फी वेगळी झाली की सपोर्ट ही विकत घेतलेली जादाची सेवा होते, मग पालक दर टर्मला विचारतात की अजून किती दिवस, मुलाला बाहेर काढा, आणि शाळेला ते टाळता येत नाही. काही पालक फॉर्मवर घरची भाषा इंग्रजी लिहितात आणि शाळेला खरी माहितीच मिळत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे मेन टीचरला वाटतं की याच्या भाषेचे पैसे वेगळे घेतलेत, म्हणजे ते काम वेगळ्या कुणाचं तरी आहे. शाळेने ईएएलचा खर्च सरळ मुख्य फीमध्ये धरावा, सगळ्यांच्या, जसा लायब्ररीचा धरतात, आणि ॲडमिशन देतानाच पालकांना लेखी सांगावं की शाळेत ईएएलची मुलं किती, टीचर किती, त्यांना प्लॅनिंगचा वेळ किती. आहेत त्या टीचरना जेवढी मुलं नीट सांभाळता येतील त्याच्या पुढच्या मुलाला, पालक कितीही फी भरायला तयार असले तरी, नवीन टीचर नेमेपर्यंत थांबायला सांगावं.